उपचार संपल्यावरच्या दिवसांसाठी: बेळगाव सीमाभागातल्या रुग्णालयांना आणि मंडळांना खुलं पत्र

प्रति,
बेळगाव, हुबळी, मिरज आणि कोल्हापूर इथल्या कर्करोग रुग्णालयांचे विश्वस्त, डॉक्टर आणि परिचारिका,
तसंच सीमाभागातली गणेशोत्सव मंडळं, महिला मंडळं, तालमी, दूध संस्था आणि पतसंस्था यांचे पदाधिकारी

सप्रेम नमस्कार.

कर्करोगावर उपचार कुठं घ्यायचे, हा प्रश्न आमच्या भागात आता पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही. एके काळी गाठ निघाली की घरात पहिली चर्चा मुंबई की बंगळूर अशी व्हायची. टाटाला ओळखीचं कोण आहे, परळात राहायचं कुठं, बंगळूरच्या किदवाई कर्करोग रुग्णालयात जायचं तर कन्नड बोलणारा कोण सोबत येणार, यातच आठवडे जायचे. मग मिरज, कोल्हापूर, हुबळीला सोय झाली. ३ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते बेळगावातच केएलई संस्थेच्या नव्या कर्करोग रुग्णालयाचं उद्घाटन झालं. यंत्रं आली, तज्ज्ञ आले, खाटा आल्या. आमच्यातल्या कित्येक जणी आज भाकऱ्या थापतायत त्या तुमच्यामुळं. हे आधी लिहिते, कारण पुढचं वाचताना कुणाला वाटायला नको की बाई तक्रारीच घेऊन बसल्यात.

मी निपाणी तालुक्यातल्या एका खेड्यातली निवृत्त प्राथमिक शिक्षिका. स्तनाच्या कर्करोगाचे उपचार घेतले, बरी आहे. उपचार संपले त्या दिवशी हातात एक जाड फाईल आली आणि ‘तीन महिन्यांनी दाखवायला या’ एवढं वाक्य मिळालं. कुठलं रुग्णालय ते लिहीत नाही. लिहून उपयोगही नाही, कारण नंतर ज्या ज्या बायका भेटल्या त्यांनी वेगवेगळ्या रुग्णालयांची नावं घेऊन हेच सांगितलं.

हिशेब साधा आहे. उपचारानंतर पहिली दोन वर्षं साधारण दर तीन महिन्यांनी तपासणी असते. म्हणजे वर्षातून चारेक वेळा आम्ही डॉक्टरांसमोर बसतो, तेही बाहेर रांग ताटकळत असताना, काही मिनिटं. बाकीचं सगळं वर्ष आम्ही घरात, शेतात, वखारीत, एसटीत असतो. हात सुजला, तोंड उघडेना, गोळी संपली, रात्री झोप लागेना, हे सगळं त्या बाकीच्या वर्षात घडतं. ते सांभाळायचं काम आमचंच आहे, ते टाळायचं नाही. पण आम्हाला ते कुणी शिकवलेलं नाही. रुग्णालय म्हणतं, आमचं काम झालं. गाव म्हणतं, बरी झाली ना, मग आता काय? मधल्या जागेत माणूस एकटं पडतं. त्या मधल्या जागेची जबाबदारी रुग्णालयानं आणि गावानं मिळून घ्यावी, एवढंच मला म्हणायचंय. कशी घ्यावी ते खाली लिहिते.

आधी हातापासून सुरुवात करते, कारण तो माझा स्वतःचा विषय.

स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या की त्या बाजूचा हात सुजू शकतो. लगेच सुजेल असं नाही, वर्षा-दोन वर्षांनीही सुजतो. पहिली खूण डॉक्टरांच्या मोजायच्या टेपपेक्षा आमच्या बायकांना आधी कळते: त्या हातातल्या बांगड्या घट्ट व्हायला लागतात, ब्लाउजची बाही रुतते, हात जड वाटतो. तेवढ्यावर दाखवलं तर व्यायाम, मसाज आणि कॉम्प्रेशन स्लीव्हनं, म्हणजे हातावर घालायच्या घट्ट दाबाच्या बाहीनं, सूज आटोक्यात राहते. उशीर झाला तर हात जन्माचा जड होतो. आणि त्या हाताला खुरपं लागलं, काटा गेला, हात लाल-गरम होऊन ताप आला, तर घरी हळद लावून बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. हे मला कळलं ते एका दुसऱ्या रुग्ण बाईकडून, रुग्णालयाच्या बाकावर बसल्या बसल्या. ‘बांगडी बघत जावा बाई,’ एवढं ती म्हणाली. फायलीत ते कुठंच नव्हतं.

फायलीत होतं ते ‘जड उचलू नये’. शहरातल्या फ्लॅटमधल्या बाईला हा सल्ला ठीक असेल. आमच्याकडं भांगलण कोण करणार? वैरणीचा भारा, पाण्याची घागर, म्हशीची धार, शेणाची बुट्टी? ‘उचलू नका’ म्हटल्यावर बाई दोन महिने उचलत नाही, मग सासूच्या तोंडाकडं बघून एकदम सगळं उचलते आणि हात बिघडवून घेते. खरं तर हात सुजलेल्या बायकांनीही वजन अगदी थोड्यापासून, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली, सावकाश वाढवत नेलं तर सूज वाढत नाही, हे अमेरिकेतल्या एका अभ्यासानं २००९ सालीच दाखवलंय. त्या बायका आठवड्यातून दोनदा वजनं उचलत होत्या, हाताला स्लीव्ह घालून. म्हणजे आमच्या बायकांना ‘नको’ सांगण्याऐवजी ‘असं, एवढं, इतक्या दिवसांनी’ सांगणारं कुणीतरी हवं. ते सांगायला फिजिओथेरपिस्टनं एकदा तरी भांगलण बघितली पाहिजे. खुरपं कुठल्या हातात असतं, बाई उकिडवी किती वेळ बसते, भारा डोक्यावर घेताना खांदा किती वर जातो. ही माहिती आमच्याकडं आहे, व्यायामाचं शास्त्र तुमच्याकडं. दोन्ही एका खोलीत आल्याशिवाय काम होत नाही.

तोंडाच्या कर्करोगाचं आमच्या निपाणी भागात वेगळं सांगायला नको. तंबाखूवर इथली घरं उभी राहिली. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी इथला शेतकरी रस्त्यावर उतरला, वखारीतल्या आणि विड्या वळणाऱ्या बायकांनी आपल्या संघटना बांधल्या. तो इतिहास अभिमानाचा आहे. पण त्याच तंबाखूची मिसरी भाजून बायका दातांना लावतात आणि तोंडात धरतात, आणि त्याची किंमत पुढं गालाला आणि जबड्याला मोजावी लागते.

ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, जीव वाचला. त्यानंतर हळूहळू तोंड उघडायचं कमी होतं. स्वतःची उभी धरलेली तीन बोटं दातांमध्ये जातात का, ही घरच्या घरी करायची तपासणी. जात नसतील तर व्यायाम वाढवायचा आणि दाखवायचं. व्यायामही साधा: आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, जमेल तशी एकेक काडी वाढवायची. किती काड्या, किती वेळ, दिवसातून किती वेळा, हे माणसागणिक बदलतं आणि तेच कुणीतरी बसून ठरवून द्यावं लागतं. नाहीतर काय होतं ते मी बघितलंय. आधी भाकरी सुटते, मग भात मऊ करून खायचा, मग फक्त पेज आणि दूध. लग्नाच्या पंक्तीला माणूस बसेनासं होतं, कारण खाताना तोंडातून सांडतं. घरातले म्हणतात, जेवायचं नाटक करतोय.

आणखी दोन गोष्टी तोंडाच्या आणि गळ्याच्या रुग्णांबद्दल, ज्या प्रत्येक गावाला ठाऊक हव्यात. जबड्यावर रेडिएशन झालेल्या माणसाचा दात गावातल्या दवाखान्यात सहज म्हणून उपटायचा नसतो. ते हाड लवकर भरून येत नाही, सडूही शकतं. आधी कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारायचं, आणि रेडिएशन कधी आणि कुठं झालं ते दातांच्या डॉक्टरांना सांगायचं. दुसरं, मानेवर रेडिएशन झालं असेल तर थायरॉइड मंदावू शकतं, म्हणून सहा महिन्यांनी-वर्षानं टीएसएचची तपासणी करायची. ही साधी रक्ततपासणी तालुक्याच्या लॅबमध्येही होते. ती न केल्यामुळं कुठलीतरी सून ‘आळशी’ ठरते, अंग जड, थंडी वाजते, उठवत नाही, आणि सगळे म्हणतात आता आजार बरा झालाय तरी हिचं रडगाणं चालूच.

मिसरी सोडा म्हणून ओरडणं सोपं आहे. जी बाई दिवसभर वखारीत तंबाखूच्या धुरळ्यात बसते, तिनं संध्याकाळी ती चव विसरावी, हे कसं? सोडायला मदत लागते, वारंवार लागते, आणि पुन्हा सुरू झाली तर न रागावता पुन्हा सोडवावी लागते. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा राष्ट्रीय मोफत फोन नंबर तंबाखूच्या पुड्यांवरच छापलेला असतो. लिहिता-वाचता येणारेही तो बघत नाहीत. कुणी शेजारी बसून तो लावून दिला तर बाई बोलते.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबद्दल थोडक्यात लिहिते, कारण या विषयावर बायका माझ्याशीही तुटक बोलतात. रेडिएशननंतर योनीमार्ग आखडतो, त्यासाठी काय करायचं असतं ते पडद्याआड दोन मिनिटांत, घाईत, अर्धं इंग्रजीत सांगितलं जातं. बाहेर नवरा उभा असतो. बाई ‘हो’ म्हणते आणि घरी येऊन काहीच करत नाही. पुढं संसारात कडवटपणा येतो, आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांना आतून तपासणंही कठीण जातं. वर्षभरानंतर शौचावाटे रक्त गेलं की ती समजते, आजार उलटला. तो रेडिएशनचाच उशिरा दिसणारा परिणाम असू शकतो, दाखवायला मात्र हवंच. हे सगळं बाईनं बाईला, दार लावून, सावकाश सांगायचं आहे.

आणि गोळ्या. संप्रेरकांवर वाढणाऱ्या स्तनाच्या कर्करोगात टॅमॉक्सिफेनसारखी गोळी पाच वर्षं, कधी दहा वर्षं घ्यायची असते. टॅमॉक्सिफेन महाग नाही, राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीतलं औषध आहे. तरी गोळी सुटते. पाकीट संपलं, गावच्या मेडिकलमध्ये नव्हतं, बेळगावला जायला भाताची कापणी आडवी आली, मग वाटलं आता बरीच आहे की. काहींना अंगात उकाडा उसळतो म्हणून त्या गुपचूप बंद करतात आणि डॉक्टरांना ‘घेते’ म्हणून सांगतात. गोळी का घ्यायची, किती वर्षं, आणि पाळी गेल्यावर ती घेत असताना रक्तस्राव झाला तर लगेच का कळवायचं, हे एकदा नीट समजलं तर बाई सोडत नाही. आमच्या बायका उपास सोडत नाहीत, गोळी का सोडतील?

आता सीमेची अडचण. ती तुमच्या बंगळूर-मुंबईच्या परिषदांत कुणाच्या लक्षात येत नाही.

आमचा माणूस शस्त्रक्रिया मिरजेला करून घेतो, किमो बेळगावात, आणि रेडिएशनला भाऊ कोल्हापुरात असतो म्हणून कोल्हापुरात. तीन फायली होतात आणि एकीतलं दुसरीत नसतं. २०२३ साली महाराष्ट्र सरकारनं महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली, त्यावर दोन सरकारांची खडाजंगी झाली. इकडं कर्नाटकाची आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजना आहेच. कुठल्या कार्डावर कुठं काय होतं, हे कळता कळता आजार पुढं जातो. आणि कार्ड चाललं तरी आयुष्मान भारतात रुग्णालयातून घरी सोडल्यानंतरचा खर्च धरला जातो तो १५ दिवसांचा. आमचं दुखणं सोळाव्या दिवशी सुरू होतं. स्लीव्ह, आतड्याच्या ऑपरेशननंतर शौचासाठी पोटावर लावायच्या पिशव्या, फिजिओथेरपी, दर तपासणीचं गाडीभाडं, हे सगळं खिशातून. कर्नाटकातल्या साध्या बसमध्ये ‘शक्ती’ योजनेमुळं बाईला तिकीट नाही, पण कोल्हापूर-मिरजेची तपासणी असली की सीमेपलीकडं पैसे मोजावे लागतात. आणि रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला उपचाराला वा तपासणीला जाताना स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत आहे, सोबत्याला ७५ टक्के. रुग्णालयानं एक फॉर्म भरून सही-शिक्का दिला की झालं. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं बंगळूरला तपासणीला जाणाऱ्या किती जणांना हे कुणी सांगितलं? काउंटरवरच्या माणसानं फाईल देताना तो एक फॉर्म आत ठेवला तरी एका घराचा महिन्याचा किराणा वाचतो.

भाषेबद्दल एक वाक्य लिहिते आणि पुढं जाते. पाट्यांच्या भाषेचं भांडण मी वेगळ्या ठिकाणी भांडते, इथं नाही. वॉर्डातली नर्स कन्नड, मी मराठी, आणि आमचं दोघींचं व्यवस्थित जमलं. अडचण होते ती कागद इंग्रजीत असल्यामुळं. तो ना तिच्या आईला वाचता येतो ना माझ्या सुनेला.

हे सगळं जगात कुणी केलेलं नाही असं नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनाट आजारांच्या लोकांसाठी एक कार्यक्रम बसवला: सहा आठवडे, आठवड्यातून एकदा अडीच तास, दहा-पंधरा माणसं. शिकवणारे दोघं, त्यातला निदान एक जण स्वतः तो आजार भोगलेला. पुढं त्याचाच एक प्रकार कर्करोगातून बऱ्या झालेल्यांसाठी केला. त्यात भाषणं कमी. प्रत्येकानं त्या आठवड्यापुरतं एक छोटं काम स्वतः ठरवायचं. ‘रोज अंघोळीआधी भिंतीवर बोटं चढवत हात वर नेईन, दहा वेळा, पाच दिवस.’ मग विचारतात, जमेल याची खात्री दहापैकी किती? सातपेक्षा कमी सांगितलं तर माणसाला रागवायचं नाही, काम लहान करायचं. पुढच्या आठवड्यात काय झालं ते सांगायचं, अडलं तर बाकीच्यांनी उपाय सुचवायचे. शाळेत तीसेक वर्षं घासल्यामुळं मला हे फार पटलं. घरचा अभ्यास जेवढा झेपतो तेवढाच दिला तर मूल करतं.

दुसरा दाखला नवा आहे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे ८८९ रुग्ण, बहुतेक कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातले, शस्त्रक्रिया आणि किमो झालेले. निम्म्यांना व्यायाम आणि आहाराची पुस्तिका दिली. निम्म्यांना पुस्तिकेबरोबर तीन वर्षं एक व्यायाम-मार्गदर्शक दिला, जो भेटायचा, विचारायचा, अडचण ऐकायचा. २०२५ मध्ये निकाल आला: मार्गदर्शक असलेल्या गटात आजार उलटण्याचा, नवा कर्करोग होण्याचा किंवा मरणाचा धोका २८ टक्क्यांनी कमी. पुस्तिका दोघांकडंही होती. म्हणून माझी तुम्हाला विनंती, गुळगुळीत कागदावर रंगीत पुस्तिका छापून ‘जनजागृती झाली’ असं कृपया समजू नका.

आणि परदेशाचंच कशाला, केरळात कोझिकोड-मलप्पुरमला आजारी माणसाच्या घरी जाणारे शेजारपाजारचे स्वयंसेवक आणि त्यांच्यामागं उभ्या असलेल्या नर्स, अशी व्यवस्था पंचवीसेक वर्षांपूर्वीच उभी राहिली. २००८ साली तिथल्या सरकारनं त्याचं धोरण केलं. ते काम मुख्यतः शेवटच्या दुखण्यातल्या माणसांसाठी सुरू झालं, पण गावातला माणूस शिकवला तर तो शिकतो, हे तिथं सिद्ध झालं. आमच्या येळ्ळूर-उचगावचे, नंदगड-जांबोटीचे, बोरगाव-सौंदलग्याचे लोक त्यांच्यापेक्षा कुठं कमी आहेत?

तेव्हा डॉक्टरसाहेब, तुमच्याकडं मागणं असं. उपचार संपताना प्रत्येकाला एक पान द्या, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड, मोठ्या अक्षरात. काय आजार होता, कुठलं ऑपरेशन, कुठली औषधं, रेडिएशन शरीरावर कुठं आणि किती. पुढं कधी कुठली तपासणी. काय दिसलं तर थांबायचं नाही. आणि खाली एक फोन नंबर, ज्यावर माणूस बोलेल, रेकॉर्ड केलेला आवाज नाही. अशा पानाची शिफारस अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं २००५ सालीच केली होती, म्हणजे मी काही नवलाचं मागत नाही. हे पान असलं तर मिरजेचं बेळगावला आणि बेळगावचं कोल्हापूरला कळेल, सरकारं एकमेकांशी बोलोत न बोलोत.

मग महिन्यातून एक दिवस बऱ्या झालेल्या रुग्णांच्या बैठकीसाठी एक नर्स आणि एक फिजिओथेरपिस्ट तालुक्याला पाठवा: निपाणी, खानापूर, चिक्कोडी. डॉक्टर नको, डॉक्टरांना वॉर्डात काम आहे. फिजिओथेरपीच्या आणि नर्सिंगच्या कॉलेजांतली मुलं-मुली शिकायला खेड्यात येतातच, त्यांना यात घाला. आमच्यातल्या ज्यांना बोलता येतं, ज्यांची प्रकृती बरी आहे, अशा दोघी-दोघांना तालुक्यामागं शिकवा आणि त्यांचं गाडीभाडं द्या. सेवा म्हणून फुकट राबवू नका. आशाताईंवर हे टाकायचा मोहही आवरा. त्यांच्या डोक्यावर गरोदर बाया, लसी, सर्वेक्षणं, घरोघरच्या तपासण्या एवढं आहे की आणखी एक रजिस्टर दिलं तर ते फक्त भरलं जाईल.

एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण अशा कामांचं असंच होतं. आमचं आम्हाला सांभाळता यावं म्हणून हे मागतोय, तुम्ही आमच्यातून मोकळं व्हावं म्हणून नाही. बैठकीत कुणी सांगितलं की हात लाल झालाय, तर त्या बाईला परत महिन्याच्या रांगेत उभं करू नका. किमो चालू असलेल्याला १०० च्या वर ताप आला तर रात्रीही दार उघडं हवं. मागं आधार नसेल तर आम्हाला शिकवलेलं सगळं एका दुपारी वाया जातं.

आता मंडळांकडं वळते, आणि इथं जरा घरच्यासारखं बोलते.

तुम्ही रक्तदान करता, शिवजयंतीच्या चित्ररथावर पैसा आणि रात्री दोन्ही खर्च करता, गणपतीला आरोग्य शिबिर भरवता. शिबिरात बीपी-शुगर बघतात, फोटो निघतो, संपतं. यापेक्षा स्वस्तातलं काम सांगते. या बैठकीसाठी महिन्यातून एकदा एक खोली द्या, जिला दार आहे आणि जवळ स्वच्छ संडास आहे. पोटावर पिशवी असलेला माणूस संडासाची सोय नसली की येतच नाही. चहा द्या. कणकुंबीसारख्या आडगावातून येणाऱ्याला पावसाळ्यात एखादी गाडी द्या. दूध संस्थांनी आणि पतसंस्थांनी ठरवलं तर सभासदांसाठी चार स्लीव्ह आणि पिशव्यांचं पाकीट संस्थेच्या कपाटात ठेवता येईल.

आणि काय देऊ नका तेही सांगते. शाल-श्रीफळ देऊ नका. ‘कर्करोग योद्धा’ म्हणून स्टेजवर उभं करू नका, चौकात फ्लेक्स लावू नका, बैठकीचा फोटो गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. माझ्या ओळखीतल्या एका बाईचं दुखणं तिच्या सख्ख्या जावेलाही माहीत नाही, कारण घरात लग्नाची मुलगी आहे. अजून काही घरांत आमचं ताट-तांब्या वेगळा ठेवतात. हा आजार एकाच्या ताटातून दुसऱ्याला लागत नाही, हे कीर्तनकारांनी पारायणाच्या मंडपात एकदा सांगितलं तर शंभर पुस्तिकांचं काम होईल. तसंच किमो अर्धवट सोडायला लावणारे झाडपाल्याचे औषधवाले तुमच्याच कट्ट्यावर येऊन बसतात. त्यांना चहा पाजणं बंद करा.

मंडळातल्या पुरुषांना एक खास सांगणं. बैठकीला बायकाच येतील असं धरून चालू नका. तोंडाच्या आणि गळ्याच्या आजारातून उठलेले पुरुष आमच्यापेक्षा जास्त एकटे पडतात. बाई निदान शेजारणीशी बोलते. आवाज गेलेला, चेहरा बदललेला पुरुष तालमीत येत नाही, देवळात मागं बसतो, आणि संध्याकाळी पुन्हा पुडी काढतो. त्याला घरी जाऊन बोलावून आणायचं काम नर्सला जमणार नाही, ते तालमीतल्या त्याच्या जुन्या जोडीदाराचं.

सुरुवात कशी करायची, हेही ठरवूनच लिहितेय. निपाणीत जागेची व्यवस्था आम्ही काही जणी करतो. पहिल्या सहा बैठका हाताच्या आणि तोंडाच्या रुग्णांसाठी ठेवू, कारण व्यायाम शिकवणं लगेच करता येतं आणि फरक लवकर दिसतो. पोटाच्या पिशवीचं आणि गर्भाशयमुखाचं नंतर, वेगळ्या दिवशी, वेगळ्या माणसांनी. ज्या रुग्णालयाला पाठवता येईल त्यानं नर्स आणि फिजिओथेरपिस्ट पाठवावेत. दोन रुग्णालयांनी मिळून पाठवले तर आणखी चांगलं, तुमची आपापसातली स्पर्धा आमच्या खोलीच्या बाहेर ठेवा. कापणीच्या आणि लावणीच्या आठवड्यात बैठक नको. आणि दिवस शक्यतो आठवडी बाजाराचा ठेवा. त्या दिवशी बाई पिशवी घेऊन घरातून निघाली तर कुठं चाललीस म्हणून कुणी विचारत नाही.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
तालुका निपाणी, जिल्हा बेळगाव